एटापल्लीचीं मुलें आणि आमचीं मुलें

सुशिक्षित घरांत हल्लीं दोन तक्रारी वारंवार ऐकूं येतात. मूल जेवत नाहीं ही पहिली, आणि मूल हालत नाहीं ही दुसरी. पहिली बहुधा आई करते, दुसरी बहुधा वडील करतात. आणि तक्रार चालूं असतां मुलानें मध्यें बोलूं नये म्हणून त्याच्या हातीं मोबाइल देऊन दोघेंही त्यास एका जागीं बसवून ठेवितात. या तक्रारींवर उपाय सुचविणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत. त्यांत आहाराचीं कोष्टकें असतात, व्यायामाचीं वेळापत्रकें असतात. त्यांची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हींही तीं वाचलीं आहेत, व भिंतीवर कोष्टकही टांगून पाहिलें आहे. परंतु मुलाला खाण्याची व खेळण्याची सवय मोठ्यांनीं मुद्दाम लावावयाची असते, ही कल्पना आपल्याकडे आली केव्हां, आणि जेथें ती कल्पना नव्हती तेथें मुलें वाढलीं कशीं, हा प्रश्न या पुस्तकांत कोठें आढळत नाहीं. तो इतिहासाचा प्रश्न आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली तालुक्यांत त्याचें उत्तर शोधावें असें आम्हांस वाटतें; कारण मुलें वाढविण्याच्या दोन निरनिराळ्या रीति त्या ठिकाणीं एकाच माणसाच्या हयातींत पाहावयास मिळाल्या आहेत.

प्रथम आपल्याच घरची हकीकत पाहूं. जुन्या मराठी समाजांत तालीम होती, पण ती पेठेची किंवा गांवाची असे. मिसरूड फुटूं लागलेला मुलगा तींत जाई, लहान मुलाचा तिच्याशीं फारसा संबंध नसे, आणि मुलीचा तर नसेच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबाची विद्या पुन्हा नांवारूपास आणली, ती अशाच तालमींतून पसरली. व्यायाम हा बालसंगोपनाचा भाग झाला तो विसाव्या शतकांत. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें, आणि पुढें १९३६ सालीं त्या मंडळाचें पथक बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं आपले देशी खेळ जगास दाखवून आलें. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, १९२८ सालीं त्यांवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें, आणि आपल्या संस्थानांतील शाळांत नमस्कार सुरू केले. विशेष म्हणजे स्त्रियांनींही ते घालावे असा त्यांचा आग्रह होता. बडोद्याहून आबासाहेब मुजुमदारांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. एवढा मोठा खटाटोप इतक्या थोड्या वर्षांत कां झाला? देशाभिमान हें एक कारण सर्वांस ठाऊक आहे. दुसरें कारण साधें आहे. त्याच्या आधींच्या पन्नास-पाऊणशें वर्षांत शाळेनें मुलास बांकावर बसविलें होतें. बसविणारी संस्था आधीं आली, आणि उठविणारी तिच्या मागून यावी लागली.

अन्नाचीही कथा याच क्रमानें घडली. गिरणींत सडलेला पांढरा तांदूळ प्रथम आला, त्यामागून जीवनसत्त्वांचें शास्त्र आलें. निलगिरींतील कुन्नूर येथें रॉबर्ट मॅक्कॅरिसन या डॉक्टरानें विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत उंदरांना हिंदुस्थानांतील निरनिराळ्या लोकांचे आहार घालून पाहिले. शिखांच्या आहारावरचे उंदीर पहिले आले, पठाणांचे दुसरे, आणि मराठ्यांचे तिसरे. सडीक तांदुळावर जगणारे मद्रासी उंदीर शेवटले. तिसऱ्या क्रमांकाबद्दल हर्ष मानावा कीं खेद, हें आम्हांस अद्याप ठरवितां आलेलें नाहीं. पण तेव्हांपासून काय खावें ही गोष्ट आजीच्या हातून निघून डॉक्टराच्या हातीं गेली, आणि आईला आपल्याच स्वयंपाकाविषयीं शंका वाटूं लागली, हें मात्र खरें.

आतां या मराठी मुलुखाच्या दुसऱ्या टोंकास जाऊं. चंद्रपूरहून आष्टीवरून आलापल्लीस यावें. सागवानाकरितां प्रसिद्ध असलेल्या या गांवाहून एक रस्ता भामरागडकडे जातो व एक एटापल्लीकडे. हा सारा प्रदेश पूर्वीं चांदा जिल्ह्यांतील अहेरीच्या जमीनदारींत मोडे. चांदा जिल्हा १९५६ सालच्या नोव्हेंबरपर्यंत मध्यप्रदेशांत होता. त्याचे दोन भाग होऊन गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजीं. एटापल्लीच्या पूर्वेस बस्तरचे डोंगर लागतात. येथील वस्ती मुख्यतः माडिया गोंडांची. सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते, आणि त्याच डोंगरांत उत्तम लोखंडाचा दगड आहे. २०२१ पासून तो मोठ्या प्रमाणावर काढला जाऊं लागला, त्यामुळें ज्या वाटेनें मुलें गुरांमागें चालत त्या वाटेवर मालमोटारींची रांग लागूं लागली. पण तो विषय निराळा आहे.

माडिया घराचा आहार एका कोष्टकांत बसत नाहीं, कारण तो ऋतूगणिक बदलतो. डोंगरउतारावरील झाडोरा तोडून, जाळून, त्या राखेंत बी टाकण्याची फिरती शेती ही त्यांची जुनी रीत. तींतून कोसरीसारखें बारीक भरडधान्य येई. त्याची पातळ आंबील करावी, ती भोपळ्याच्या तुंब्यांत भरून बरोबर घ्यावी, आणि दिवसभर कामावर थोडी थोडी प्यावी. फाल्गुन-चैत्रांत मोहाचीं फुलें पडतात. तीं पहांटे वेंचावयाचीं, वाळवावयाचीं आणि पुढें कित्येक महिने शिजवून किंवा भाजून खावयाचीं. उन्हाळ्यांत तेंदू आणि चार पिकतात. पहिल्या पावसानंतर बांबूचे कोंब येतात, त्यांस तिकडे वास्ते म्हणतात. ओढ्यानाल्यांत मासे व खेकडे, झाडावर लाल मुंग्यांचीं घरटीं. त्या मुंग्यांची आंबट चटणी माडिया माणूस आवडीनें खातो. रानांतले कंद निराळेच. त्यांपैकीं कांहीं तसेच भाजून खातां येतात. कांहीं कडू असतात, त्यांच्या चकत्या करून वाहत्या पाण्यांत ठेवाव्या लागतात, नाहींतर घसा खवखवून सुजतो. कोणता कंद कोणत्या जातीचा, हें मूल आठ वर्षांचें होईपर्यंत शिकलेलें असे. तें त्यास कोणी शिकवीत नसे. आई खणीत असे आणि तें शेजारीं उकिडवें बसलेलें असे.

व्यायामाचेंही तसेंच होतें. पाणी आणणें, मोह वेंचणें, गुरें वळणें, झाडावर चढणें, धाकट्या भावंडास कमरेवर घेऊन चालणें यांपैकीं कशासही त्या घरांत व्यायाम हें नांव नव्हतें. मुलगा पांच-सहा वर्षांचा झाला कीं त्याच्या हातीं लहानसें धनुष्य येई आणि तो पांखरांमागें धांवे. संध्याकाळीं गोटुल. गोटुल म्हणजे गांवांतील तरुणांचें एकत्र जमण्याचें घर. बस्तरचा कारभार पाहिलेल्या विल्फ्रिड ग्रिग्सन यांचें माडियांवरील पुस्तक १९३८ सालीं निघालें, आणि व्हेरिअर एल्विन यांचा मुरियांच्या गोटुलावरील मोठा ग्रंथ १९४७ सालीं. एल्विन यांच्या ग्रंथामुळें गोटुल म्हटलें कीं शहरी वाचकांच्या मनांत एकच कुतूहल जागें होऊं लागलें, आणि त्या कुतूहलाखालीं बाकीचा मजकूर दडपून गेला. वस्तुतः मुरियांचा गोटुल व डोंगरी माडियांचा गोटुल एक नव्हे. माडियांकडे तेथें निजावयाचे ते मुलगे, मुली नाचापुरत्या येत व आपापल्या घरीं परत जात. आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ती नाच हीच होय. रेला नाचतांना मुलें-मुली एकमेकांच्या कमरेस हात घालून रांग धरतात आणि तास न् तास पावलें टाकतात. लहान मूल रांगेच्या शेवटास लटकतें. त्याचें पाऊल चुकतें, कोणी हंसत नाहीं, आणि पुढल्या वर्षीं तें चुकत नाहीं. शिटी, कवाईत, प्रमाणपत्र यांपैकीं तेथें कांहींच नसतें.

आम्ही एटापल्लीच्या बाजूस गेलों असतां एका म्हाताऱ्या माडिया गृहस्थांस विचारावेंसें वाटलें कीं, बाबा, तुम्ही मुलांना खाण्याच्या चांगल्या सवयी कशा लावितां? आमच्याबरोबर एक तरुण शिक्षक होते, त्यांनीं हें माडिया भाषेंत सांगावयाचें. ते घुटमळले. म्हणाले, "हें विचारूं कसें? त्यांना वाटेल, मी थट्टा करतोंय." शेवटीं त्यांनीं कसेंबसें विचारलें. म्हातारबाबा बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिले, आणि मग दोनच वाक्यें बोलले. तीं शिक्षकांनीं आम्हांस मराठींत सांगितलीं : "भूक लागली कीं खातात. नसलें म्हणजे खात नाहींत."

पहिलें वाक्य ऐकून आम्हांस मोठा आनंद झाला, आणि लेखास चांगला विषय मिळाला असें आम्ही मनांत म्हटलेंही. दुसऱ्या वाक्याचा अर्थ उमगावयास परतीचा प्रवास लागला.

'नसलें म्हणजे' यांत त्या मुलुखाचा अर्धा इतिहास आहे. पावसाळ्यांत बांडिया व तिच्यासारख्या नद्या-नाले भरले कीं कित्येक गांवांचा बाहेरच्या जगाशीं संबंध तुटत असे; घरांतलें जुनें धान्य संपत आलेलें, नवें अजून शेतांत, आणि हिंवतापाचे दिवस. रानांत वाढलेल्या मुलाच्या काटक शरीराचें कौतुक करणारा शहरी पाहुणा एक गोष्ट विसरतो : त्यास दिसतात तीं जगलेलीं मुलें. याच जिल्ह्यांत, पण एटापल्लीहून बरेंच उत्तरेस, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ पासून काम आरंभिलें. त्यांनीं गडचिरोलीच्या खेड्यांत प्रथम मोजदाद केली तेव्हां जन्मलेल्या हजार मुलांपैकीं १२१ मुलें वर्षाच्या आंत दगावत होतीं. गांवांतल्याच बायांना शिकवून, घरोघर जाऊन नवजात बालकांची देखभाल करण्याची जी रीत त्यांनीं बसविली, तिची हकीकत १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत आली आणि जगभर वाचली गेली. २००१ सालीं 'कोवळी पानगळ' या अहवालानें महाराष्ट्रांतील बालमृत्यूंचा प्रश्न विधिमंडळापर्यंत नेला. राणीबाईंचें 'गोईण' हें पुस्तक मात्र निराळ्या तऱ्हेचें आहे. त्यांत याच भागांतील बायका झाडांशीं आपलें नातें सांगतात, आणि खाण्यापिण्याचें, औषधपाण्याचें केवढें ज्ञान त्यांच्यापाशीं आहे हें दिसतें. आमच्या मतें दोन्ही पुस्तकें एकत्र ठेवून वाचावीं. ज्या आईस शंभर झाडांचीं नांवें ठाऊक होतीं तिचेंही मूल मरत होतें; आणि जिचें मूल मरत होतें तिलाही तीं नांवें ठाऊक होतीं. यांतलें एकच सांगणारा मनुष्य, मग तो रानाचा भक्त असो कीं सुधारणेचा, अर्धेंच सांगतो.

आतां ही जुनी रीत कशी सुटत गेली तें पाहूं. १८७८ व १९२७ च्या वनविषयक कायद्यांनीं सरकारी राखीव जंगलांत फिरत्या शेतीस वाव ठेवला नाहीं. जमीनदारीचीं जंगलें कांहीं काळ त्या कायद्याच्या कडेला राहिलीं. पण मध्यप्रदेशांतील जमीनदाऱ्या १९५१ सालीं संपल्या तेव्हां तींही सरकारी वनखात्याकडे गेलीं. डोंगरउतारावरची शेती हळूहळू आटत गेली व तिच्याबरोबर भरडधान्यही आटलें. त्याची जागा रेशनच्या तांदुळानें घेतली. २०१३ सालच्या अन्नसुरक्षा कायद्यानें तो तांदूळ तीन रुपये किलो झाला, आणि २०२३ च्या जानेवारीपासून फुकट झाला. यानें पावसाळ्यांतली उपासमार कमी झाली हें कोणीही प्रामाणिक मनुष्य नाकारणार नाहीं. म्हातारबाबांच्या दुसऱ्या वाक्यास मिळालेलें तें उत्तर होय. पण उत्तर मिळालें तें पांढऱ्या, सडीक तांदुळाचें. कुन्नूरच्या शेवटल्या उंदरांची येथें आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

अन्नाहून मोठा बदल झाला तो मुलाच्या जागेंत. महाराष्ट्र सरकारनें आदिवासी मुलांकरितां निवासी आश्रमशाळा काढल्या; भामरागडजवळ हेमलकसा येथें बाबा आमटे यांनीं १९७३ च्या डिसेंबरांत आरंभिलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचीही आश्रमशाळा १९७६ पासून चालूं आहे. ज्या मुलुखांत शाळा पायीं दोन दिवसांच्या वाटेवर, तेथें निवासी शाळेवांचून मूल शिकणार कसें? आश्रमशाळांतून निघालेलीं माडिया मुलें पुढें शिक्षक झालीं, परिचारिका झालीं, डॉक्टर व वकीलही झालीं. तेव्हां त्या शाळांवर टीका करावयाची तर जपून करावी लागते. तथापि सहा वर्षांचें मूल जूनमध्यें घरून निघतें, आणि मोह पडतो, तेंदू पिकतो, कंद खणले जातात, त्यांतले बहुतेक दिवस तें घंटेवर उठतें, घंटेवर जेवतें आणि घंटेवर खेळतें. त्यास दोन वेळां पोटभर भात-वरण मिळतें, हा लाभ लहान नव्हे. परंतु आई खणीत असतां शेजारीं उकिडवें बसण्याचें त्याचें वय तेवढ्यांत निघून जातें. आम्हीं अशाच एका शाळेंत मुलांस घरीं काय खातां म्हणून विचारलें. सर्वांनीं एका सुरांत 'भात' म्हणून सांगितलें. आंबील, असें मीं सुचविलें असतां मागच्या रांगेंतील एक मुलगी हंसली व तिनें तोंडावर हात धरला. तें हंसूं लाजेचें होतें, आणि ती लाज तिनें आपल्या घरून आणलेली नव्हती.

हा पेंच ज्यांना प्रथम कळला त्या आमच्या माहितीप्रमाणें ताराबाई मोडक. त्यांनीं मुंबईसारख्या शहरांत शिशुविहार चालवून पाहिला होता. परंतु १९४५ सालीं त्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें गेल्या, अनुताई वाघ त्यांना तेथें मिळाल्या, आणि पुढें दोघींनीं कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत काम केलें. मूल शाळेंत येत नाहीं तर शाळेनें मुलाच्या अंगणांत जावें, म्हणून अंगणवाडी. तें गुरांमागें रानांत जातें तर शाळेनेंही रानांत जावें, म्हणून कुरणशाळा. मुलास त्याच्या आईपासून, त्याच्या गुरांपासून, त्याच्या हातपाय हालविण्यापासून न तोडतां शिकवावयाचें, हा त्या दोन शब्दांचा अर्थ. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हां अंगणवाडी हा शब्द तिनें उचलला व तो साऱ्या हिंदुस्थानांत गेला. कुरणशाळा हा शब्द कोणीं उचलला नाहीं.

एटापल्लीच्या पाड्यापाड्यांत आज अंगणवाडी आहे. तीस पुष्कळदां अंगण असतें, कधीं नसतें. शाळांच्या माध्यान्ह भोजनाची योजना १९९५ सालीं आली. आरंभीं महाराष्ट्रांत महिना तीन किलो तांदूळ मुलाच्या पिशवींत घालून घरीं पाठवीत, आणि तो अर्थात् साऱ्या घरांत वांटला जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शिजलेलेंच अन्न द्या असा हुकूम केला, तेव्हांपासून हळूहळू शाळेंत चूल पेटली. २०१५ सालीं अनुसूचित क्षेत्रांतील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडींत एक वेळचें पुरें जेवण देणारी अमृत आहार योजना निघाली, आणि पुढें लहान मुलांना अंडें किंवा केळें मिळूं लागलें. या योजनांत आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते ती ही शेवटची. कारण तींत कोणीं मुलास धडा दिलेला नाहीं, आई आणि मूल यांस एका पंक्तीस बसविलें आहे, आणि पुढें अन्न ठेविलें आहे. सवय ही मुलाच्या अंगची वस्तु नसून ती ज्या पंक्तींत बसतें त्या पंक्तीची असते, असें आम्ही एटापल्लीहून समजून आलों. पुण्या-मुंबईच्या घरांत बाप एकीकडे उभ्या उभ्या चहा घेतो, आई स्वयंपाकघरांत मागून जेवते, आणि मुलापुढें एकट्यापुढें फळांची बशी ठेवून 'खा, चांगलें असतें' म्हणून सांगितलें जातें. तें न खाणारें मूल हट्टी असतें, असें आम्ही पूर्वीं मानीत होतों.

२००६ सालच्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभांना रानांतील गौण उपज गोळा करण्याचा हक्क परत दिला, आणि गडचिरोली जिल्ह्यांत धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा या गांवानें तो प्रथम बजावून घेतला. कंद, मोह, वास्ते हीं पुन्हा कायदेशीर झालीं. पण कायद्यानें रान परत मिळालें तरी त्यांत काय खावें हें सांगणारा मनुष्य घरांत असावा लागतो. एटापल्लीच्या ज्या शाळेविषयीं वर लिहिलें, तिच्या शिक्षकांनीं आम्ही निघतांना एक हकीकत सांगितली. उन्हाळ्याच्या सुटींत मुलें घरीं गेलीं म्हणजे तीं पहिले आठ दिवस आजीच्या मागें मागें हिंडतात, आणि जूनमध्यें परत येतांना कोणाच्या तरी पिशवींत चाराच्या बिया, वाळलेला मोह, कधीं एखादा कंदही निघतो. शाळेच्या नियमांत त्यास जागा नाहीं. "मग तुम्ही तो काढून घेतां काय?" असें आम्हीं विचारलें. शिक्षकांनीं स्वयंपाकघराकडे पाहिलें, आणि म्हणाले, "गेल्या वर्षीं त्या मागच्या रांगेतल्या पोरीनें आणला होता. आमच्या स्वयंपाकीणबाई इथल्याच आहेत. त्यांनीं तो ओळखला, चकत्या करून रात्रभर नाल्यांत ठेवला. दुसऱ्या दिवशीं सगळ्यांना एक एक तुकडा आला."